वचन तोंडावर फेकलं तर काय करायचं? बायबल वाचायची माझी पद्धत, गुलामगिरीच्या भांडणावरून

परवा एका ग्रुपवर फॉरवर्ड आला, "बायबलमध्ये गुलामगिरीला परवानगी आहे", खाली पुस्तकाचं नाव, अध्याय, वचन (म्हणजे अध्यायातली ओळ) सगळं नंबरसकट. पाच मिनिटांत दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर, "बायबल वाचणाऱ्यांनीच गुलामगिरी संपवली", त्यालाही नंबर. मग नेहमीचंच, अ‍ॅडमिनने हात जोडलेले टाकले आणि सगळं शांत. मी मात्र दोघांचे नंबर काढून बघितले, आणि गंमत म्हणजे दोघांचेही बरोबर होते, वचनं खरंच तिथे आहेत, कुणी पदरचं काही घातलेलं नव्हतं.

तर असं वचन तोंडावर फेकलं गेलं की काय करायचं ह्यावर हे लिहितेय. मी ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, कुठल्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली तर अजिबात नाही. एकदा लॉजवर केबल गेली होती म्हणून ड्रॉवरमधलं बायबल उघडलं आणि नाद लागला तो लागलाच, त्यामुळे ही पद्धत म्हणजे चुका करत करत जमवलेली आहे. श्रद्धेने वाचणाऱ्यांची वाट वेगळी, त्यांच्या मधे मी पडत नाही. मला बघायचंय ते एवढंच की एखादी जुनी ओळ समाजात कोण कशी वापरतं आणि ते आपल्याला ओळखता कसं येईल.

उदाहरण एकच घेणारे, अमेरिकेतली गुलामगिरी, कारण तिथे ह्याच वचनांवरून पिढ्यान् पिढ्या वाद झाला आणि शेवटी युद्धही झालं. ४ मार्च १८६५ ला लिंकनने दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा तो भाषणात म्हणाला की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. प्रॅक्टिसला ह्याहून चांगली केस मिळणार नाही.

आधी टेबलावर कुठलं पुस्तक आहे ते बघा. हे पटकन उरकते. ज्यू लोकांचा ग्रंथ म्हणजे तनाख, त्यात २४ पुस्तकं. तोच मजकूर प्रोटेस्टंट लोक जुना करार ह्या नावाने ३९ पुस्तकं म्हणून मोजतात (शमुवेल, राजे, इतिहास ह्यांचे दोन दोन भाग केलेत, आणि बारा छोटे संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, तिकडे एकाच पुस्तकात बसतात ते इकडे सुटे, वगैरे), त्यात नव्या कराराची, म्हणजे येशू आणि त्याच्या अनुयायांबद्दलच्या ख्रिस्ती भागाची, २७ मिळवली की ६६. कॅथलिक बायबलमध्ये ७३. ज्यू माणसासमोर "जुना करार" म्हणू नका, त्याच्यासाठी तो जुना झालेलाच नाही. आणि क्रमही वेगळा आहे बरं का, तनाख संपतं इतिहासाच्या पुस्तकाने, यरुशलेमला परत जा ह्या हुकमावर, आणि ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखीवर, एलीया हा जुना संदेष्टा परत येणार ह्या आशेवर, म्हणजे पान उलटलं की थेट नवा करार सुरू. सीन तेच पण शेवट वेगळा लावला की सिनेमा वेगळा होतो. (एलीयाची वाट ज्यू पण बघतातच, आपल्या कोकणातले बेने इस्राएल तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात.)

अजून एक, ते अध्यायांचे नंबर मूळ लेखकांनी टाकलेले नाहीत. आज चालतात ते अध्याय तेराव्या शतकातले, आणि नव्या कराराची वचनं आत्ताच्या पद्धतीने पाडली रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने, १५५१ मध्ये. म्हणजे पौलाने (नव्या करारातली बरीच पत्रं ह्याच्या नावावर आहेत) पत्र लिहिताना एक, दोन, तीन असं काही केलं नव्हतं, त्याने आपलं पत्र लिहिलं. नंबर पडल्यामुळे एकेक ओळ सुटी करून खिशात घालायची सोय झाली आणि अर्धी भांडणं तिथूनच निघतात असं माझं मत आहे. मराठीत वाचणाऱ्यांसाठी एक सूचना, "अनुवाद २३" असं कुठे दिसलं तर तो भाषांतराचा विषय नाही, अनुवाद हे पुस्तकाचंच नाव आहे, इस्राएल लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या नावावरच्या पाच पुस्तकांतलं पाचवं. मी पहिल्यांदा कुठला अनुवाद, कुणाचा अनुवाद करत बसले होते.

आता खरं काम. वचन मिळालं की वर दहा वचनं आणि खाली दहा वचनं वाचायची. मोबाइलवर एकच वचन उघडतं, ते बंद करा आणि पूर्ण अध्याय उघडा. हा एवढा साधा नियम पाळला असता तर जगातलं एक फार मोठं खोटं चाललंच नसतं.

ते खोटं म्हणजे हामचा शाप. अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे गुलामगिरी चालायची त्या राज्यांत, पाद्री, वकील, मळेवाले सगळे सांगायचे की नोहाने आपल्या हाम ह्या मुलाला शाप दिला, हामचे वंशज म्हणजे आफ्रिकेतले काळे लोक, म्हणून ते कायमचे गुलाम, देवाचीच इच्छा. आता उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलंच पुस्तक, त्याचा ९ वा अध्याय उघडा, २० व्या वचनापासून. प्रलय होऊन गेलाय, नोहा द्राक्षमळा लावतो, दारू पितो, चढते, आणि तंबूत उघडा पडतो. हाम ते बघतो आणि बाहेर येऊन दोघा भावांना सांगतो. ते दोघे, शेम आणि याफेथ, खांद्यावर वस्त्र घेऊन उलटे चालत आत जातात, बापाकडे पाठ करून, आणि त्याच्यावर पांघरूण घालतात. नोहा शुद्धीवर येतो, त्याला कळतं, आणि तो म्हणतो... काय म्हणतो ते २५ व्या वचनात स्वतः वाचा. शापित असो कनान! हाम नाही. कनान, हामचा मुलगा, जो त्या सीनमध्ये काहीही करत नाही.

पुढचा अध्याय पण वाचा, दहावा. तिथे हामच्या चार मुलांची नावं आहेत, कूश, मिसर, पूट आणि कनान. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचा, आफ्रिकेतला प्रदेश. कूशला शाप आहे का? नाही. चार मुलांपैकी शाप एकालाच आणि तो नेमका ज्याच्या देशात पुढे इस्राएल लोक जाऊन राहणार त्या कनानला, म्हणजे ज्यांनी ही गोष्ट जपली त्यांना शेजाऱ्यांशी असलेल्या आपल्या भांडणाचं कारण सांगायचं होतं हे उघड दिसतं. आणि कातडीचा रंग? अख्ख्या गोष्टीत रंगाचा एक शब्द नाही, तो नंतरच्या लोकांनी भरला, पुस्तकाच्या बाहेरून आणून. शिवाय शाप देणारा कोण, तर नुकताच नशेतून उठलेला बाप. देव तिथे काही बोललेलाच नाहीये. तर कोण बोलतंय हेही दरवेळी बघायचं, देव, संदेष्टा, राजा, की चिडलेला म्हातारा. ईयोबाच्या पुस्तकात तर अध्यायच्या अध्याय मित्रांची भाषणं आहेत आणि शेवटी देव म्हणतो की तुम्ही चुकीचं बोललात! त्यातलं एखादं सुंदर वाक्य उचलून "बायबल म्हणतं" करणारे मी बघितलेत.

ह्यानंतर शब्द. इथे थोडा वेळ काढा, कारण मराठी वाचणाऱ्याचा पाय इथे हमखास घसरतो. हिब्रूमधला शब्द आहे एवेद. त्याचा अर्थ गुलामही, नोकरही, राजाचा मंत्रीही, आणि देवाचा सेवकही. मोशेला "परमेश्वराचा एवेद" म्हटलंय. त्याच धातूपासून निघालेला शब्द निर्गममध्ये (इजिप्तमधून सुटकेचं पुस्तक) इजिप्तमधल्या वेठबिगारीला वापरलाय आणि देवाच्या उपासनेलाही, म्हणजे मोशे फारोला, इजिप्तच्या राजाला, सांगतो की माझ्या लोकांना सोड, त्यांना देवाची सेवा करायचीय, तेव्हा हिब्रू कानाला ऐकू येतं की इथली चाकरी सोडून तिथली चाकरी, मालक कोण एवढाच प्रश्न आहे. तुम्हाला हा शब्द अनोळखी वाटत असेल पण नाहीये, अरबीतला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे अब्द, अब्दुल्लामधला. आणि बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव आहे ओबद्या, अर्थ तोच, देवाचा सेवक. अब्दुल्ला आणि ओबद्या हे एकाच अर्थाचे.

नव्या करारात ग्रीक शब्द आहे दूलॉस. पौल मालक आणि गुलामांना उपदेश करतो तिथे हा दूलॉस म्हणजे बाजारात विकत घेतलेला माणूस, रोमन कायद्याने मालकाची वस्तू. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात ह्याला बहुतेक सगळीकडे सर्व्हंट केलंय, स्लेव्ह हा शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. मराठीत आपण केलं दास. आता मला सांगा, दास म्हटल्यावर आपल्या कानात काय वाजतं? रामदास. तुलसीदास. चरणांचा दास. गोड शब्द आहे तो, त्याला अभंगांचा वास आहे, त्यामुळे "दासांनो, धन्याची आज्ञा पाळा" हे मराठीत वाचताना जरा भक्तिमार्गातलं वाटतं आणि साखळदंड दिसतच नाहीत. म्हणून असं करा, जिथे दास दिसेल तिथे एकदा "गुलाम" घालून वाचा आणि एकदा "नोकर" घालून वाचा, आणि बघा कुठे वाक्य मोडतं. एक मराठी बायबल असेल तर दुसरंही जवळ ठेवा, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, दोघांचे शब्द जिथे वेगळे पडतात तिथे खाली काहीतरी गाडलेलं आहे असं समजायचं. मूळ शब्द बघायचा असेल तर बायबल हब ह्या वेबसाइटवर ओळीखाली ओळ लावून मिळतो, आणि ज्यू टीकाग्रंथांसाठी सेफारिया, दोन्ही फुकट.

आता अवघड भाग, आणि इथे बरेच भले लोक पळ काढतात. हामच्या शापासारखं सगळंच काही गैरसमजातून आलेलं नाही. काही वचनं खरंच तशी आहेत.

फिलाडेल्फियाची ती प्रसिद्ध घंटा, लिबर्टी बेल, तडा गेलेली. १७५१ मध्ये ती मागवली तेव्हा तिच्यावर लेवीय २५:१० (लेवीय हे पुस्तक, २५ वा अध्याय, १० वं वचन) मधले शब्द घालायला सांगितले, देशभर सगळ्या रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा. पुढे १८३० च्या दशकात गुलामगिरी-विरोधकांनी ती घंटा उचलून धरली, लिबर्टी बेल हे नावच त्यांनी रुजवलं. छान. आता तोच अध्याय खाली स्क्रोल करा, फक्त ३४ वचनं, ४४ व्यावर या. तिथे लिहिलंय की आजूबाजूच्या परक्या राष्ट्रांतले गुलाम विकत घ्यावेत, ते तुमची मालमत्ता, मुलांना वारशाने द्या, कायमचे. आपल्या भावाबंदांशी मात्र असं वागू नका. एकच अध्याय आहे हो! मळेवाला ४४ वं वचन वाचायचा, विरोधक १० वं, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते.

अशा ठिकाणी दोन चुका होतात. एक, "तेव्हाची गुलामगिरी तशी वाईट नव्हतीच" असं सारवणं. निर्गम २१:२१ वाचा, मार खाल्लेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही कारण तो त्याचाच पैसा आहे. हे सारवता येत नाही. दुसरी चूक, ते एवढंच वाचून पुस्तक मिटणं, कारण पाचच वचनं खाली लिहिलंय की मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा नुसता दात पाडला तरी त्याच्या बदल्यात त्याला मोकळं सोडायचं. आणि अनुवाद २३:१५ म्हणतं की धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या गुलामाला परत देऊ नकोस, त्याला आवडेल तिथे तुझ्यात राहू दे. १८५० मध्ये अमेरिकेने पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा कायदा अजून कडक केला तेव्हा उत्तरेतल्या पाद्र्यांना हे वचन पाठ झालं होतं. कायद्याचा मजकूर वाचताना म्हणून दोन्ही विचारायचं, हा कशाला परवानगी देतोय आणि आजूबाजूला चालायचं त्यातलं काय अडवतोय. दोन्ही लिहून काढायचं, एकाने दुसरं खोडायचं नाही.

ज्यू परंपरा इथे फार मदत करते कारण तिकडे वचन एकटं वाचतच नाहीत. तालमूद, म्हणजे जुन्या ज्यू गुरूंच्या चर्चांचा ग्रंथ, त्याचं छापील पान बघितलंय का? मधे मूळ चर्चा, एका बाजूला राशीची टीका (हा अकराव्या शतकातला, फ्रान्समधल्या त्र्वाचा), दुसऱ्या बाजूला त्याच्या नंतरच्यांची, म्हणजे मधे मूळ आणि भोवतीने शतकानुशतकांची भांडणं एकाच पानावर. आपल्याकडे श्लोक, अन्वय, टीका आणि टीकेवर टीका ह्याची ज्याला सवय आहे त्याला ते पान लगेच घरचं वाटेल. एक नमुना देते. निर्गम २१ मध्ये आहे की हिब्रू गुलाम सहा वर्षं राबेल आणि सातव्या वर्षी सुटेल, पण तो स्वतःच म्हणाला की मला नाही जायचं तर त्याला दाराच्या चौकटीशी नेऊन अरीने कान टोचायचा. योहानान बेन झक्काई ह्या पहिल्या शतकातल्या गुरूला प्रश्न पडला, शरीराचे एवढे अवयव सोडून कानच का? त्याचं उत्तर असं की सिनाय पर्वतावर देवाने सांगितलं होतं की इस्राएलचे लोक माझे सेवक आहेत, ते ह्याच कानाने ऐकलं, आणि तरी हा गेला आणि दुसरा मालक करून बसला, टोचा त्याचा कान. बघा काय केलंय, कायदा जागचा हलवला नाही, एक अक्षर बदललं नाही, पण गुलामीची सगळी लाज एका भोकात आणून ठेवली. त्याच ठिकाणी दोन पानं आधी म्हटलंय की हिब्रू गुलाम घेणारा स्वतःसाठी मालकच विकत घेतो, एवढे नियम त्याच्या खाण्यापिण्याचे आणि अंथरुणाचे.

म्हणजे ज्यू लोक एकमताने विरोधात होते का? छे. ४ जानेवारी १८६१, न्यूयॉर्कमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉरिस रॅफॉलने प्रवचन दिलं की बायबलमध्ये गुलामगिरी पाप नाही, अगदी दहा आज्ञांमध्येसुद्धा शेजाऱ्याच्या गुलामाचा लोभ धरू नकोस असं आहे म्हणजे गुलाम गृहीत धरलेत. पण त्याच प्रवचनात तो दक्षिणवाल्यांना हेही सांगून गेला की बायबलमधला गुलाम माणूस आहे, तुमच्याकडचा वस्तू झालाय. हा दुसरा भाग कुणी फारसा उचलला नाही, पहिला मात्र गाजला. त्याला उत्तर दिलं बाल्टिमोरच्या रब्बी डेव्हिड आइनहॉर्नने, की बहुपत्नीत्वही त्या पुस्तकात आहे, मग ते आज चालवणार का? त्याने धरलं उत्पत्तीचं पहिलंच प्रकरण, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, आणि म्हणाला की अशा माणसाला गुलाम करणं हेच देवाविरुद्धचं बंड. बाल्टिमोर गुलामगिरी असलेल्या राज्यात होतं, एप्रिलमध्ये दंगल पेटली आणि त्याला कुटुंबासकट फिलाडेल्फियाला पळावं लागलं. दोघांचं हिब्रू उत्तम होतं. फरक कुठे, तर एकाने नियम धरला आणि दुसऱ्याने त्या नियमाच्या आधी माणसाबद्दल काय म्हटलंय ते धरलं. वाद ऐकताना हे बघत जा, समोरचा कुठल्या वचनाला बाकीच्यांच्या डोक्यावर बसवतोय. सगळेच कुठलं तरी बसवतात, आपणही.

आता माझा सगळ्यात आवडता टप्पा. काय वगळलंय ते बघा.

१८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं, वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांवरच्या गुलामांसाठी निवडक भाग म्हणून. प्रोटेस्टंट बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय, ह्यात ठेवले २३२. गेलं काय? इजिप्तमधून सुटकेची गोष्ट गेली. ज्यू किंवा ख्रिस्ती नसलेल्यालाही माहीत असते ती, समुद्र दुभंगतो वगैरे, तीच नाही! "ख्रिस्तात दास नाही, स्वतंत्र नाही" हे पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन गेलं. प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक अख्खं गेलं. राहिलं काय, तर पौलाच्याच नावावरचं इफिसकरांस ६:५, गुलामांनो मालकांचं ऐका. ह्याच्या तीन प्रती आज माहीत आहेत, एक नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे, जे गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी सुरू झालेलं. मला ह्या पुस्तकाबद्दल एक विचित्र आदर वाटतो. कात्री चालवणाऱ्यांना बायबल नीट कळलं होतं, कुठली पानं धोक्याची हे त्यांनी अचूक ओळखलं. म्हणून कुणी वचनांची यादी पाठवली की मी वचनं नंतर वाचते, आधी शोधते की ह्या विषयावरचं कुठलं वचन यादीत नाहीये.

आणि ऐकणारे काय करतात तेही बघा, नुसतं सांगणाऱ्याकडे बघून समाज कळत नाही. चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा पाद्री होता जॉर्जियात, स्वतः गुलाम बाळगणारा. १८३३ मध्ये तो गुलामांपुढे, पौलाने फिलेमोन नावाच्या मालकाला लिहिलेल्या पत्रावर बोलला, की बघा पौलाने गुलामाला मालकाकडे परत पाठवलं, तेव्हा पळून जाणं वाईट. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की अर्धे लोक उठले आणि सरळ चालायला लागले. उरलेले खूश होते असं नाही, प्रवचनानंतर काही म्हणाले बायबलमध्ये असं पत्रच नाही, काही म्हणाले ही सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, नव्हे, आणि काही म्हणाले की तू मालकांना बरं वाटावं म्हणून बोलतोस. ह्यातल्या कितींना अक्षरओळख होती? फार थोड्यांना, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा होता. पण त्यांनी ऐकून ऐकून आपलं एक बायबल मनात तयार केलं होतं, त्यात मोशे मोठा होता आणि पौल छोटा. हॅरिएट टबमन गुलामांना रातोरात पळवून न्यायची तर तिला लोक मोझेस म्हणायचे, म्हणजे आपला मोशेच, उगाच नाही.

हॉवर्ड थर्मन म्हणून मोठा काळा धर्मचिंतक होऊन गेला, मार्टिन ल्यूथर किंगवर त्याचा फार परिणाम, १९३६ मध्ये बारडोलीला येऊन गांधीजींनाही भेटलेला. त्याची आजी गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता यायचं नाही, तर हा लहानपणी तिला बायबल वाचून दाखवायचा. पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही. कधीतरी फार तर १ करिंथ १३, प्रेमावरचा अध्याय, बाकी नाही. मोठा झाल्यावर त्याने विचारलं का गं, तेव्हा तिने सांगितलं की मालकाचा पाद्री मधूनमधून यायचा आणि वर्षातून निदान तीन-चारदा पौलाचं तेच, गुलामांनो आज्ञेत राहा, आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की सुटले आणि वाचायला शिकले तर हा भाग वाचणार नाही. म्हणजे कात्री तिनेही चालवली. लंडनवाल्यांनी चालवली तीही कात्री आणि आजीची तीही, पण दोन्ही एकाच पारड्यात टाकणारा माणूस माझ्या मते वाचायला अजून शिकलेला नाही.

शेवटी समाजावर परिणाम मोजायचा असेल तर "बायबलमुळे झालं" हे वाक्य सहा महिने वापरायचं नाही असं ठरवा. तारखा लावा शेजारी शेजारी. १७८४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांनी (बाप्टिस्टांसारखाच एक प्रोटेस्टंट पंथ) गुलामगिरीविरुद्ध नियम केले होते. १७९३ मध्ये कापसातली सरकी काढायचं नवं यंत्र आलं, दक्षिणेत जिकडेतिकडे कापूस झाला, आणि १८६० च्या जनगणनेपर्यंत गुलाम जवळपास ४० लाख. त्या काळात तोच दक्षिणेतला पाद्री "नाइलाज आहे" पासून "हे देवाचंच दान आहे" पर्यंत सरकला. पुस्तकात एक काना-मात्रा बदलली नव्हती. पण उलटंही खरं, नुसता कापूसच बोलत होता म्हणाल तर मग १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट ह्याच मुद्द्यावर उभे का फाटले, देश फाटायच्या पंधरा वर्षं आधी? वचनांवरचा वाद लोकांना खरोखर टोचत होता. दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी.

त्या वादाचा एक धागा पुण्यात येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिलं ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. अर्पणपत्रिका नीट वाचा, श्रेय लोकांना दिलंय, त्यांच्या औदार्याला. ग्रंथाला नाही. जोतीराव मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले, बायबल त्यांना काही अनोळखी नव्हतं, तरी श्रेय कुठे द्यायचं हे त्यांनी बरोबर निवडलं असं मला वाटतं, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

आता गृहपाठ. जोन्सने वापरलेलं तेच फिलेमोनाला पत्र घ्या, २५ वचनं आहेत, चहा थंड व्हायच्या आत वाचून होतं. पहिल्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन शोधा, अनेसिम, म्हणजे पौलाने परत पाठवलेला तो गुलाम, "पळून गेला" असं कुठे लिहिलंय. सापडणार नाही! थोड्या वेळासाठी दुरावला एवढंच आहे, पळाला हे प्रवचनकारांनी भरलेलं. मग ११ वं वचन बघा, अनेसिम नावाचा अर्थ "उपयोगी" असा होतो आणि पौल त्यावर कोटी करतोय, आधी निरुपयोगी होता आता उपयोगी झालाय. १६ वं, गुलाम म्हणून नाही, गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. सोडून दे असं स्पष्ट म्हटलंय का? नाही. परत कामाला लाव असं म्हटलंय का? तेही नाही. त्याचं देणं असलं तर माझ्या नावावर मांड, म्हणतो.

मग दुसऱ्यांदा वाचा, आता सुरुवातीपासून कुणाकुणाला लिहिलंय ते बघत. फिलेमोनाला, अप्फियेला, अर्खिप्पाला आणि "तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळीला". म्हणजे हे खासगी पत्र नाहीच, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो अनेसिम बहुधा तिथेच उभा, सगळ्यांच्या नजरा मालकाकडे. आणि एवढं झाल्यावर २२ व्या वचनात पौल, तुरुंगातून, जाता जाता सांगतो की माझ्यासाठी उतरायची खोली तयार करून ठेव, मी येईन म्हणतोय.